जालिंदरचं पत्र उघडत नाही

“...म्हंजे पत्र आलंय, पर उघडत न्हाई?”

“नाही उघडत, बुवा.”

“आज तिसरा दिस.”

“हो.”

“फाडून बघ की.”

अच्युतला हसू आलं. ते त्यानं ओठांतच ठेवलं, पण रेवणबुवांना डोळे नसले तरी असलं हसू ऐकू जायचं.

“कागदाचं पाकीट नाही ते, बुवा. कॉम्प्युटरवर मेल येतो, त्याला पत्र जोडलेलं असतं. एरवी बटण दाबलं की उघडायचं. शुक्रवारी मी कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली, नवी घातली. तेव्हापासून जोडलेलं काहीच उघडत नाही.”

“जुनी चालत न्हवती?”

“चालत होती.”

“मग?”

“जुनी झाली होती ना.”

“मी बी झालोय,” बुवा म्हणाले आणि काठी चाचपत उठले.

दारापर्यंत गेले, थांबले.

“जालिंदरचं हाय म्हणून इचारतो. लवकर उघड.”

वाघरवाडीच्या माळावर एका उघड्याबोडक्या टेकडीवर हा मठ. रेवणबुवा उभं आयुष्य मेंढरं राखलेला माणूस. अक्षरओळख कधी झाली नाही, आणि सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं दृष्टीही गेली. त्यांच्याकडे आलेली पत्रं वाचायचं काम अच्युतकडे होतं. अच्युत भौतिकशास्त्राचा एम.एस्सी.; कॉलेजातली नोकरी सोडून मठात आलेला. ही गोष्ट तो आपणहून कुणाला सांगत नसे, पण समोरच्याला ती ठाऊक नसली तर त्याला चैनही पडत नसे.

मठाची एक रीत होती. मठ सोडून गेलेल्याला मठ बोलावत नाही, मग तो कितीही जवळचा असो. पण त्यानं आपणहून काही विचारलं, तर दिवस मावळायच्या आत त्याला उत्तर गेलंच पाहिजे.

जालिंदर अकरा वर्षांपूर्वी गेला होता. अकरा वर्षांत त्यानं काही विचारलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी मेंढरं घेऊन आलेल्या एकानं सांगितलं, जालिंदर फार आजारी आहे, शहरात कुठल्याशा दवाखान्यात पडून आहे. बुवांनी ऐकून घेतलं. माणूस पाठवला नाही. रीत म्हणजे रीत. पण त्या दिवसापासून रोज सकाळी ते अच्युतला विचारू लागले, “काय आलं का?”

शनिवारी आलं. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘जालिंदरकडून बुवांना’. शेजारी जोडलेल्या फाइलीची क्लिप.

अच्युतनं क्लिपवर दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. ही फाइल उघडता येत नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट.

जालिंदर मठात स्वयंपाकाला होता. चौथीपर्यंत शिकलेला. पण बुवा मेंढरांमागून चालता चालता जे बोलले होते ते सगळं त्याला तोंडपाठ. अच्युतनं बुवांच्या वचनांचं पुस्तक काढलं, वर ‘संकलन’ म्हणून स्वतःचं नाव घातलं, आणि भर सभेत पहिलं पान वाचायला घेतलं. तेव्हा जालिंदर पिठाच्या हातानं बाहेर येऊन म्हणाला होता, “हे बुवा असं म्हणालंच न्हाईत.”

माणसं हसली. बुवाही हसले. अच्युतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, “तू भाकऱ्या थापायच्या. पुस्तकात तोंड घालायचं नाही.”

जालिंदर आत गेला, तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, आणि उन्हातच टेकडी उतरून गेला.

आता अकरा वर्षांनी त्याच जालिंदरनं काहीतरी लिहून पाठवलं होतं, आणि ते त्या क्लिपच्या आत होतं. माफी असेल का? की पुस्तकातल्या चुकांची यादी? आजारी माणूस मरायच्या आधी मनातलं सगळं ओकून टाकतो, तसं काही? अच्युतला ते आधी स्वतः वाचायचं होतं. बुवांना वाचून दाखवण्याआधी, एकट्यानं. खरं सांगायचं तर त्याची सगळी घाई त्यासाठीच होती. जालिंदर आजारी आहे, हे त्याच्या लक्षात होतं; पण आपल्याविषयी त्यानं काय लिहिलंय, हा विचार त्याहून पुढे होता.

म्हणून तो कामाला लागला.

सोमवारी त्यानं फाइल पुसून पुन्हा उतरवून घेतली. मंगळवारी फाइलीचं नाव बदलून पाहिलं. मग फाइली उघडणारा एक नवा प्रोग्राम घातला, तो चालेना म्हणून दुसरा घातला, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना म्हणून दोन्ही काढले. जुनी सिस्टिम परत आणायचा प्रयत्न केला. तिची मुदत संपली आहे, असं कॉम्प्युटरनं सांगितलं. मोबाइलवर बघावं, तर मठात कुणाकडे तसला मोबाइल नव्हता. मठात साध्या बटणांचाच फोन वापरायचा, ही शिस्तही अच्युतनंच घालून दिलेली.

मठाला येणारे सगळेच मेल असे अडकले होते. भक्त मंडळी मेलच्या अंगावर काही लिहीत नसत. ‘जय गुरू, पत्र सोबत जोडले आहे’ एवढी ओळ, आणि खरं पत्र जोडलेल्या फाइलीत, सुबक मराठीत टाइप केलेलं. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे अच्युत वरची ओळ वाचणं कधीच सोडून बसला होता. नाव पाहायचं, क्लिप दाबायची, असा त्याचा हात बसून गेला होता.

त्यानं सगळ्यांना एक सूचना धाडली. ‘तांत्रिक अडचणीमुळे जोडलेली पत्रे उघडत नाहीत. क्षमस्व.’

जालिंदरला तेवढी धाडली नाही.

त्याचं पत्र आपण उघडणारच आहोत, मग सूचना कशाला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आत कुठंतरी त्याला ठाऊक होतं की आपलं यंत्र बिघडलंय हे भाकऱ्या थापणाऱ्याला कळू नये, एवढंच ते होतं.

“उघडलं?” बुधवारी बुवांनी विचारलं.

“आज उघडेल.”

“काय लिवलंय, अंदाज?”

“ते आतच आहे, बुवा. उघडल्याशिवाय कसं कळणार?”

बुवांनी मान डोलावली. अच्युत शिकलेला. तो म्हणतो तर तसंच असणार, असं त्यांना वाटलं. या गोष्टीत बुवांची चूक असेल तर ती एवढी.

त्याच दुपारी अच्युत टेकडी उतरून गावातल्या सेवा केंद्रात गेला. ते शबाना मुलाणी चालवायची. दाखले, फॉर्म, विजेची बिलं, पासपोर्टाचे फोटो, सगळं एका खोलीत. अच्युतनं तिला अडचण सांगितली, ती जरा वरच्या पट्टीतच.

“मेल मला पुढं पाठवा, दादा,” ती म्हणाली. “माझ्याकडं उघडंल. लगेच प्रिंट काढून देते.”

“खासगी पत्र आहे.”

“मी वाचत न्हाई हो. लोकांचं मी काय काय छापते, सगळं वाचत बसले तर येडी होईन.”

“नको. मी बघतो.”

“आजारी माणसाचं म्हणताय न्हवं?”

“म्हटलं ना, मी बघतो!”

ती परत आपल्या फॉर्मकडे वळली. अच्युत टेकडी चढून वर आला आणि पुन्हा डोकं धरून कॉम्प्युटरसमोर बसला. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी त्यानं जेवणही खोलीतच मागवलं. रविवारी बुवांनी विचारलंच नाही. नुसते खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले, बराच वेळ. मग काठी टेकत निघून गेले.

सोमवारी, दहाव्या दिवशी, अच्युतनं हात टेकले. तो खाली गेला, आणि या वेळी पट्टी जरा खालची होती.

“फाइल देत नाही. नुसता उपाय सांगा.”

शबानानं त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलावंसं तिला वाटलं असणार, पण त्याचे तारवटलेले डोळे बघून तिनं ते गिळलं.

“फाइल उतरवून घ्या. तिच्यावर उजवं बटण दाबा. प्रॉपर्टीज येतंय. त्यात तळाला एक बारका चौकोन असतोय, तिथं टिक करायची. बास.”

“एवढंच?”

“नव्या सिस्टिमला बाहेरून आलेल्याचा भरवसा न्हाई. अडवून धरती. तुम्ही टिक केली की सोडती.”

“हे तुम्ही बुधवारी का नाही सांगितलं?”

“तुम्ही इचारलं कुठं, दादा?”

अच्युत धापा टाकत वर आला. बारका चौकोन सापडला. टिक केली. क्षणभर काहीच झालं नाही... आणि फाइल उघडली.

“उघडलं!” तो ओरडला. दहा दिवसांत प्रथमच त्याच्या आवाजात जीव आला होता. “बुवा, उघडलं!”

बुवा अंगणातून भिंतीला हात लावत आले. त्या कॉम्प्युटरच्या खोलीत ते याआधी कधी आले नव्हते. अच्युतनं त्यांना खुर्चीत बसवलं.

“वाच.”

अच्युत वाचू लागला, आणि थांबला.

“काय झालं?”

“हे... हे दवाखान्याचे कागद आहेत, बुवा. रक्ताचे रिपोर्ट. छातीच्या फोटोचा रिपोर्ट.” त्यानं पुढची पानं भराभर पाहिली. तिसरं, सातवं, अकरावं. आकडे, शिक्के, सह्या. कुठं अच्युतचं नाव नव्हतं. पुस्तकाचं नव्हतं. माफी नव्हती, चुकांची यादी नव्हती. “चौदा पानं आहेत. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलंय... घरी न्यावे.”

“घरी न्यावं.”

“हो.”

“आन् पत्र?”

“पत्र नाही. एवढंच जोडलंय.”

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“जोडलंय म्हणतोस,” बुवा हळू बोलले. “कशाला जोडलंय?”

“म्हणजे?”

“येक वस्तू दुसऱ्या वस्तूला जोडत्यात. हे कशाला जोडलंय?”

“मेलला,” अच्युत म्हणाला. “मेलला जोडलंय.”

“मग त्यो मेल वाच.”

अच्युतनं तोंड उघडलं. त्यात काही नसतं बुवा, असं त्याला म्हणायचं होतं. नेहमीचीच एक ओळ असते. पण त्यानं कागद बंद केले, मेल समोर घेतला. नव्या सिस्टिममध्ये क्लिप सगळ्यात वर दिसायची आणि मजकूर तिच्या खाली. त्यानं पडदा खाली सरकवला.

तिथं मजकूर होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. एक ओळ नव्हे, दहा-बारा ओळी. पहिल्या दिवसापासून उघडाच.

“वाच, अच्युता.”

तो वाचू लागला.

“जय गुरू. मी जालिंदर. मी सांगतोय आणि सिस्टर लिहितात. दवाखान्याचे कागद सिस्टरांनी सोबत जोडलेत. ते नाही बघितले तरी चालतील.”

अच्युत थांबला.

“फुडं.”

“डॉक्टर म्हणतात आता घरी जा. माझं घर मठच. बुवांना विचारा, येऊ का. हो म्हणाले तर सिस्टर मला गाडीत बसवून देणार आहेत. पुढच्या रविवारपर्यंत इथं राहू देतील. तोवर कळवा. मला आता बसवत नाही, पण निजून येता येईल. अच्युतला सांगा, तुझं पुस्तक उशाला आहे. त्यातूनच मठाचा पत्ता मिळाला.”

खाली सिस्टरचं नाव होतं, मंदाकिनी खरात. आणि फोन नंबर.

“आज वार कोणता?” बुवांनी विचारलं.

त्यांना वार ठाऊक होता. अच्युतलाही होता.

मग अच्युतनं आपला बटणांचा फोन काढला. आकडे दाबताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटा गेली. पलीकडून बाईंचा आवाज आला, आणि मठातून बोलतोय म्हटल्यावर तो आवाज एकदम उतरला.

“अहो... काल संध्याकाळी गेले ते.”

अच्युतनं काहीतरी विचारलं. काय विचारलं, ते त्याला नंतर आठवलं नाही.

“नाही, त्रास नाही झाला फार,” सिस्टर म्हणाल्या. “रोज सकाळी ड्युटीवर आले की विचारायचे, मठाचं काय आलं का. मी फोन बघून सांगायचे, अजून नाही. तर म्हणायचे, येईल. बुवांना वाचता येत नाही, वाचून दाखवायला वेळ लागत असेल... मी फोन केला असता हो, पण पुस्तकावर फोन नंबरच नव्हता. नुसता मेलचा पत्ता.”

पुस्तकावर फोन नंबर नको, असं छापखान्यात अच्युतनंच सांगितलं होतं. लोक वेळी-अवेळी फोन करत बसतात म्हणून.

“नातेवाईक कुणी आहे का?” सिस्टर विचारत होत्या. “आज कुणी आलं तर बरं होईल.”

अच्युतनं फोन ठेवला. बुवांना सांगायची वेळ आली नाही. खोली लहान होती, बाईंचा आवाज मोठा होता. बुवा ताठ बसून होते. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत होतं आणि ते पुसायला ते हात उचलत नव्हते.

अच्युत खाली बसला, बुवांच्या पायांशी. त्याला रडू येत होतं, आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. असं रडणं फार वाईट. ते कुणाला पाहवत नाही.

“मला शिक्षा द्या, बुवा.”

बुवांनी काठी चाचपली.

“मठातून घालवून द्या. मी जातो.”

“गाडी काढायला सांग,” बुवा म्हणाले. “आपून दोघं जायाचं. त्याला आणायचा. हितं वरच्या अंगाला, बोरीखाली जागा करा म्हणावं.”

“हो.”

“आन् जायच्या आधी त्याला उत्तर लिव.”

अच्युतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“कुणाला, बुवा?”

“ज्यानं इचारलं त्याला.”

“पण तो...”

“दिस मावळायला अजून येळ हाय.”

अच्युत उठला. खुर्ची बुवांकडे होती, म्हणून उभ्यानंच टाइप करू लागला. बराच वेळ कळांचा टकटक आवाज येत राहिला. मध्येच तो नाक ओढायचा, पुसून टाकायचा, पुन्हा लिहायचा. बुवा ऐकत होते. गाडी अंगणात येऊन उभी राहिली, चालकानं दार उघडलं, मिटलं. टकटक थांबेना.

“काय लिवलंस?” शेवटी बुवांनी विचारलं. “वाच.”

“प्रिय जालिंदर,” अच्युतनं वाचलं. “तुझा मेल शनिवारीच पोचला होता. परंतु आदल्याच दिवशी मठाच्या कॉम्प्युटरची सिस्टिम अपग्रेड केल्यामुळे जोडलेले कागद उघडण्यात तांत्रिक अडचण आली. सदर अडचण दूर करण्याचा मी दहा दिवस सतत प्रयत्न केला. अकरा वर्षांपूर्वी मी तुला जे बोललो त्याबद्दल...”

पुढं अजून दीड पान होतं.

“पुस,” बुवा म्हणाले.

“सगळं?”

“सगळं.”

अच्युतनं पुसलं. पांढरा पडदा उरला.

“त्यानं काय इचारलंय?”

अच्युतनं मेलमधली ती ओळ पुन्हा पाहिली. “‘येऊ का.’”

“मग ‘ये’ म्हणून लिव.”

अच्युतनं एक अक्षर लिहिलं. त्याकडे पाहत राहिला. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि तिथंच अडला.

“बुवा... एवढंच कसं पाठवू? माझी माफी राहते. ती वेगळ्या कागदावर लिहितो, आणि सोबत...”

बुवा काठीवर भार देऊन उठले. हात पुढे करून त्यांनी अच्युतचा खांदा शोधला, आणि सापडल्यावर घट्ट धरला.

“सोबत काय जोडू नगंस.”